गप्पी, बोका आणि बदगुमानी

घरात काही हरवलं की कारणाआधी चोर शोधला जातो. आमच्या फिशटँकमधले गप्पी आठवडाभरात बाराचे सात झाले, तेव्हा पहिला संशय शेजारच्या बोक्यावर गेला. टाकीला झाकण असल्यानं तो सुटला. मग बोट वळलं भांडी घासणाऱ्या मावशींच्या नातवाकडे. पोरगं टाकीसमोर उभं राहून मासे बघायचं, एवढाच पुरावा.

टाकीत एक एंजल मासाही होता. आणला तेव्हा नाण्याएवढा, आता चांगलाच वाढलेला. मोठा झालेला एंजल तोंडात मावेल तो मासा गिळतो, काटाही मागे उरत नाही. त्याला वेगळा ठेवला आणि सातचे सात गप्पी टिकले.

सूरह हुजुरातची बारावी आयत बदगुमानीपासून, म्हणजे विनाकारण संशयापासून, दूर राहायला सांगते. ती ऐकताना मला कोल्हापुरात भाड्याचं घर शोधतानाचे दिवस आठवतात. नाव सांगताच बदललेले चेहरे आठवतात. पण ती आयत घरमालकांना नाही, ईमानवाल्यांना उद्देशून आहे. आपल्यावरचा संशय आपल्याला लगेच कळतो. आपल्या घरातला संशय मात्र उलट उत्तर देऊ न शकणाऱ्याकडेच जातो, आणि तिथं आपल्याला आयत आठवत नाही.