बोटीवर शिवायला जाऊ का?

सिॲटलहून बेनब्रिज बेटाकडे जाणारी फेरी पस्तीस मिनिटांत पलीकडे पोचते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्या फेरीत बसले ती फक्त शिवायला. बेटावर काही काम नव्हतं. खिडकीजवळचं टेबल धरलं. त्यावर कुणीतरी अर्धवट लावून सोडलेलं जिगसॉ कोडं होतं, ते हलक्या हाताने बाजूला सरकवलं आणि पिशवीतून कापड, सुई, दोरा काढला. हे समोर कॉफी घेऊन बसले. बोट धक्क्यावरून हलली तसा मी सुईत दोरा ओवला आणि धावदोरा घालायला लागले. मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. डोळे टाक्यांवर ठेवून बसलं तर बोट लागते का, आणि टाका सरळ जातो का.

लहानपणी मला एसटी लागायची. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट सुरू झाला की आई माझ्या हातात आवळासुपारी ठेवायची आणि म्हणायची, लांब बघ, खाली बघू नकोस. शिवणाऱ्या बाईला खाली बघण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून ही परीक्षा.

झालं होतं असं, की जानेवारीत आमच्या क्विल्ट गिल्डच्या, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळाच्या, बैठकीत एका बाईंनी माहितीपत्रक वाटलं. सिॲटलहून सात रात्रींची अलास्काची सफर, आणि त्यात क्विल्टचे वर्ग. बोट नेहमीचीच, हजारो प्रवाशांची. त्यातल्या काही खोल्या आयोजक एकगठ्ठा घेतात, बोटीवरचा सभेचा एक हॉल ताब्यात घेतात, तिथे प्रत्येकीला एक शिलाई मशीन, मोठी कटिंग मॅट, इस्त्रीची टेबलं आणि शिकवायला दोन शिक्षिका. ज्या दिवशी बोट बंदराला लागत नाही त्या दिवशी वर्ग. बंदर आलं की सगळ्या मोकळ्या. खोली आयोजकांमार्फतच घ्यायची. परस्पर तिकीट काढून आलेल्या बाईला वर्गात बसता येत नाही. इस्त्री स्वतःच्या खोलीत लावायची नाही, आगीच्या भीतीने बोटीवर त्याला मनाई असते. जी काय इस्त्री करायची ती हॉलमध्ये.

पत्रक मी घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि घरी आल्यावर फ्रिजवर लावलं. तीन आठवडे ते तिथेच होतं. दूध काढताना रोज दिसायचं.

आधी हिशेब. दोघांत एक खोली धरून माणशी सोळाशे डॉलर, वर्गाची फी सातशे, वर बंदरांचे कर आणि बक्षिसी. एकटीने खोली घेतली तर खोलीचे पैसे जवळजवळ दुप्पट, कारण बोटीवरच्या खोलीचा दर दोन माणसांवरच बसवलेला असतो. मी यांना म्हटलं, “अहो, तुम्हीही चला ना. तुम्ही हिमनद्या बघा, मी शिवते.” हे लगेच काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “मी आलो तर तू वर्गात बसून माझ्या जेवणाच्या वेळा मोजत राहशील. तू एकटी जा.” छत्तीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याबद्दल इतकं नेमकं क्वचितच काही म्हटलं असेल. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. मी आजवर एकटी कुठेही गेलेले नाही. भारतात जाताना विमानात एकटी असते, पण दोन्ही टोकांना माझी माणसं उभी असतात.

लेकीने फोनवर सरळ विचारलं, “आई, शिवायचंच असेल तर घरी बसून शीव. अलास्का बघायचं असेल तर अलास्का बघ. दोन्ही एकत्र कशाला?”

तिचा प्रश्न मला पुष्कळ दिवस पुरला. तिचं चुकत नव्हतं. माझ्याकडे घरी मशीन आहे, खिडकीपाशी टेबल आहे, कपाटात कापड आहे. पण त्याच कपाटात तीन क्विल्टांचे वरचे थर पुरे होऊन पडलेत. त्यांना मधलं भरण (बॅटिंग) आणि अस्तर लावून तिन्ही थर एकत्र शिवायचे राहिलेत. एक तर लेकीच्याच लग्नासाठी काढलेला होता, आणि तिच्या लग्नाला आता सहा वर्षं झाली. मी शिवते ती कुकरच्या शिट्ट्या मोजत. कपडे धुवायचं मशीन लावलं आणि ते थांबेपर्यंतचा पाऊण तास मिळाला की शिवते. सलग तीन तास शिवत बसले असं इतक्या वर्षांत एकदाही झालेलं नाही. कुणी अडवलं म्हणून नव्हे. मीच उठत राहिले.

हे मी आईकडून घेतलं असणार. वाईच्या घरी दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली की आई माजघरात गोधडी पसरायची. खाली आजोबांची धोतरं, मध्ये विरलेली लुगडी, वर जरा बऱ्या कापडांचे तुकडे. चारही कडा दुमडून आधी बाहेरून टाके घालत यायचं आणि फिरत फिरत आत मध्याकडे जायचं. काकू समोरच्या बाजूने यायची. दोघींच्या ओळी कुठेतरी मध्ये भेटायच्या. आईचे टाके बारीक आणि एकसारखे, काकूचे लांब. पांघरल्यावर अंधारात बोट फिरवून मला कळायचं मी कुणाच्या बाजूला झोपलेय. साडेतीनला चहाचं आधण ठेवायची वेळ झाली की आई सुई तिथेच कापडात टोचून उठायची. ती सुई मी खूप वेळ बघत असे. एक गोधडी व्हायला उन्हाळा जायचा.

पहिल्यांदा गिल्डमध्ये गेले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला हे येतंच. येत नव्हतं. इथलं क्विल्टिंग पाव इंचाच्या शिवणीवर उभं आहे. त्या पाव इंचात दोऱ्याएवढा फरक पडला तरी चौसष्ट तुकड्यांचा ब्लॉक शेवटी अर्धा इंच लहान भरतो आणि शेजारच्याशी जुळत नाही. आई कापड मोजत नसे. कापड जेवढं असेल तेवढी गोधडी. हे मी एकदा शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बाईंना सांगितलं, तर त्या उठून एक पुस्तक घेऊन आल्या. अलाबामातल्या जीज बेंड या लहानशा वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून विरलेल्या पँटी, शर्ट, पिठाची पोती यांतून शिवलेले क्विल्ट. 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने ते भिंतींवर लावले, 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची दहा तिकिटं काढली. एका पानावर निळ्या डेनिमच्या गुडघ्यांचा क्विल्ट होता. घासून पांढरे पडलेले गुडघे आणि खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन. मी त्या पानावर हात ठेवला. वाईचं माजघरच होतं ते.

आईला फोन केला. ती आता शहाऐंशीची आहे, भावाकडे असते, ऐकायला कमी येतं. मोठ्याने सांगितलं, “आई, बोटीवर गोधडी शिवायचा वर्ग आहे. सात दिवस. जाऊ का?”

“सात दिवस बोटीवर? स्वैपाक कोण करणार?”

“बोटीवरची माणसं.”

“आणि भांडी?”

“तीही तेच घासणार.”

पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, “सात दिवस नुसतं शिवायचं? मग जा की.”

तरीही मी लगेच पैसे भरले नाहीत. एकदा हात पोळलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका शिवण शिबिराचे पैसे आगाऊ भरले होते. ते रद्द झालं आणि पैसे परत मिळायला आठ महिने लागले. त्यामुळे या वेळी प्रश्नांची यादी करून आयोजक बाईंना फोन लावला. सफर रद्द झाली तर वर्गाची फी कोण परत करणार, बोटीची कंपनी की तुम्ही? शेवटचा हप्ता कधी? त्यानंतर आजारी पडले तर? त्यांनी सगळ्याची उत्तरं लेखी पाठवली. प्रवासाचा विमा वेगळा काढा, हेही सांगितलं.

मग खरा प्रश्न विचारला. वाटेतल्या ग्लेशियर बे या खाडीत बोट जाते तो दिवसही बंदराशिवायचाच दिवस. मग तेव्हाही वर्ग का? मी यांना नकाशा दाखवत होते तेव्हाच हे मनात आलं होतं. 1794 साली कॅप्टन व्हॅन्कुव्हरच्या माणसांनी तो किनारा पाहिला तेव्हा तिथे खाडी जवळजवळ नव्हतीच, बर्फाची भिंत उभी होती. बर्फ मागे मागे सरकत गेलं आणि आज तिथे 65 मैल आत पाणी आहे. दिवसाला दोनच मोठ्या बोटींना आत सोडतात. अशा ठिकाणी मी हॉलमध्ये मशीनवर मान घालून बसणार असेन तर लेकीचं म्हणणं खरं. बाई म्हणाल्या, “त्या दिवशी आम्ही हॉलला कुलूप लावतो. बोट खाडीतून बाहेर पडली की मगच उघडतो.” ऐकून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

दुसरी एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. सिॲटलहून निघालं की पहिला अख्खा दिवस समुद्रात जातो, आणि बोट पुष्कळदा व्हॅन्कुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जाते. बेटांच्या आडोशाचं शांत पाणी त्याच्या पुढे. म्हणजे सगळ्यात जास्त हलणारा दिवस तोच वर्गाचा पहिला दिवस. “पहिल्या दिवशी आम्ही कापणं ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. रोटरी कटरचं पातं वस्तऱ्यासारखं असतं. हलत्या टेबलावर ते कुणाच्या हातात द्यायचं नाही हे बरोबरच आहे.

म्हणून ती फेरी. पस्तीस मिनिटांच्या शांत खाडीवरून पॅसिफिकचा अंदाज येत नाही हे मला ठाऊक होतं. पण कुठून तरी सुरुवात करायची होती. जाताना एक ओळ, येताना दुसरी. मधे एका मोठ्या बोटीची लाट आली तेव्हा टेबल हललं, मी सुई वर धरून थांबले आणि लांब ऑलिंपिक पर्वताकडे बघितलं, आईने सांगितलं होतं तसं. पोटात काही झालं नाही. घरी येऊन दोन्ही ओळींवर पट्टी ठेवली. जातानाची जरा वाकडी होती. येतानाची सरळ.

एक गोष्ट मला अजूनही टोचते. बोट थांबते त्या ज्युनो गावात जेमतेम तीस-बत्तीस हजार माणसं राहतात, आणि उन्हाळ्यात बोटींमधून इतकी गर्दी उतरायला लागली की गावाने 2024 पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी असा करार करून घेतला. त्या गर्दीत मीही एक असणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच ठरवलंय की उतरल्यावर दागिन्यांच्या दुकानांकडे वळायचं नाही, सीलास्का हेरिटेज या तिथल्या मूळनिवासींच्या संस्थेच्या इमारतीत जायचं. तिथल्या ट्लिंगिट, हायडा आणि त्सिमशियान लोकांचं बटणांचं कांबळं मला जवळून बघायचं आहे. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांकडून आलेल्या गडद निळ्या लोकरी कांबळ्यांवर या लोकांनी लाल कापड कापून आपल्या कुळाचं चिन्ह शिवलं, कडेने शिंपल्याची बटणं लावली. ते खांद्यावरून असं पांघरतात की नाचताना पाठीवरचं चिन्ह लोकांना दिसावं. दुसऱ्याने विकलेल्या पांघरुणावर स्वतःची ओळख शिवून घेणं, हे मला चित्रांत पाहूनही अंगावर येतं. ते टाके कसे आहेत, बटण किती दोऱ्यांनी धरलंय, हे चित्रात दिसत नाही.

राहता राहिली खोली. आयोजक बाईंनी मला आणखी एका एकट्या बाईंचा नंबर दिला. ओरेगनच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. फोन करण्याआधी मी स्वैपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. अनोळखी बाईबरोबर सात रात्री, एवढ्याशा खोलीत, एक न्हाणीघर. मी सांगितलं की मी शाकाहारी आहे, मला रात्री लवकर झोप येते, आणि मी बोटीवर कधी राहिलेले नाही. त्या म्हणाल्या, त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. बोटीवर त्या यापूर्वी फक्त त्यांच्याबरोबर गेल्या होत्या.

मग जरा अडखळून त्यांनी विचारलं, “मला पहाटे पाचला जाग येते. मी उशाशी लहानसा दिवा लावून हाताने शिवत बसते. तुम्हाला चालेल का?”

मी म्हटलं, चालेल. मीही पाचलाच उठते.