हाड पोखरणारे, हाड भरणारे

लिंबायत, डिंडोली, उधना हा सुरतचा पट्टा म्हणजे अर्धा खानदेशच. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली माणसं इथे लूमवर, कापड मार्केटात, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला लागली आणि स्थिरावली. या भागात दवाखाना चालवणाऱ्या एका मराठी हाडांच्या डॉक्टरबाईंना दिवसभरात मराठी, गुजराती, हिंदी आणि अहिराणी अशा चार भाषा लागतात. चारही भाषांत विचारणा मात्र एकच: हाड कवय जुडी, म्हणजे कधी जुळेल?

जुळतं ते. मनगटाचं हाड सहा आठवड्यांत बहुधा पकडतं. डॉक्टरबाईंना छळतो तो न विचारलेला प्रश्न, ते मोडलंच कसं? न्हाणीत पाय घसरला, तळहात टेकला, एवढ्यावर साठीच्या बाईचं मनगट मोडत असेल तर दोष फरशीचा नाही. कच्चं प्लास्टर घालता घालता त्या विचारून घेतात, पाळी कधी गेली, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, गुडघेदुखीवर कोणाकडून पुड्या घेत होता का? अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं, आणि ते हाड भरणाऱ्या पेशींच्याच मुळावर उठतं.

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाडाला चिकटतात, आम्ल सोडून खनिज विरघळवतात आणि कॅथेप्सिन-के या एन्झाइमने उरलेलं कोलॅजन कापतात. दोन-तीन आठवड्यांत खड्डा तयार. मागोमाग ऑस्टिओब्लास्ट येऊन तो भरतात. त्यांना मात्र तीन-चार महिने लागतात. हे सांगताना डॉक्टरबाई मेट्रोसाठी खणलेल्या रस्त्यांचा दाखला देतात. खोदणारी टोळी झपाट्याने पुढे सरकते, बुजवणारी रेंगाळते. पाळी गेल्यावर खोदणाऱ्या टोळ्याच वाढतात. ऐकणाऱ्या बाया हसतात, कारण रिक्षाने येताना त्याच खड्ड्यांचे दणके खाल्लेले असतात.

खोदायचा हुकूम देतं कोण? भरणाऱ्याच घराण्यातल्या पेशी. ऑस्टिओब्लास्ट आणि हाडात रुतून बसलेले ऑस्टिओसाइट ‘रँक-एल’ नावाचं प्रथिन पुढे करतात. ते ऑस्टिओक्लास्ट होऊ घातलेल्या कच्च्या पेशीवरच्या ‘रँक’ला भिडलं की आत एन्झाइमांची साखळी हलते. कायनेज जातीची एन्झाइमं एकेका प्रथिनावर फॉस्फेट चढवत निरोप पुढे ढकलतात. कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम उलट फॉस्फेट उतरवतं. त्यामुळे एनफॅट-सी-१ हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि खोदकामाची हत्यारं घडवणारी जनुकं चालू होतात.

यातल्या एका कायनेजचा हाडाशी संबंध लागला तो अनपेक्षितपणे. कोंबड्यांच्या कर्करोगाच्या विषाणूमुळे प्रसिद्ध झालेलं सार्क हे जनुक. फिलिप सोरियानो आणि सहकाऱ्यांनी ते काढून टाकलेले उंदीर तयार केले. १९९१ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. बिघाड दिसला तो हाडांत. त्या उंदरांचे दात हिरडीबाहेर येईनात, हाडं आतून भरीव होत गेली. ऑस्टिओक्लास्ट जागेवर होते, पण खोदत नव्हते; हाडाला भिडणारी त्यांची चुण्यांची कडच तयार होत नव्हती.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी आणि सहकाऱ्यांनी याच वाटेवर आणखी आधीच्या टप्प्याला अडसर घातला. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रतिकारपेशींमधून येणारं इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन कच्च्या पेशीला ऑस्टिओक्लास्ट होऊच देत नाही; तिला मॅक्रोफेजच्या मार्गाला लावतं, आणि मग ती परत फिरत नाही.

भरण्याच्या बाजूलाही एन्झाइमचा पहारा आहे. जीएसके-३ हे कायनेज बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा सतत निकाल लावत असतं. विंट हा संदेश आला की त्याचा हात थांबतो, बीटा-कॅटेनिन साठतं आणि ऑस्टिओब्लास्ट कामाला लागतात. ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन सोडून विंटला अडवतात. हाडावर भार पडला की ते स्क्लेरोस्टिन कमी करतात. म्हणूनच फोटोत जोड भक्कम दिसला रे दिसला की डॉक्टरबाई पायावर वजन टाकायला लावतात. घरचे ‘अजून महिनाभर झोपू द्या’ म्हणतात, त्या ऐकत नाहीत.

औषध मात्र बहुतेक वेळा खोदणाऱ्यांवरच चालतं. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी बिसफॉस्फोनेट कुळातली. या कुळातले पदार्थ कॅल्शियमला घट्ट धरतात. त्यातलंच एक भावंड कापड रंगवण्याच्या धंद्यात जड पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवायला वापरतात. डाइंग मिलमधून निवृत्त झालेल्या कामगाराला हे सांगितलं की त्याचा औषधावर चटकन विश्वास बसतो. हाडाला चिकटलेलं औषध खोदणारी पेशी स्वतःच गिळते, आणि तिच्या आतलं फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे एन्झाइम बंद पडतं. मग काही छोट्या संदेशवाहक प्रथिनांना चरबीची शेपटी जोडली जात नाही, ती पेशीच्या पडद्याला धरून राहत नाहीत, आणि चुण्यांची ती कड विस्कटते.

पण गोळीची खरी अडचण चहा. रिकाम्या पोटी घेतली तरी तिचा शंभरातला एक भागही रक्तात पोचत नाही. चहा-दुधाबरोबर घेतली तर गेलीच. उठल्याबरोबर पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा त्यानंतर. सकाळचा पहिला चहा अर्धा तास लांबवणं किती जणींना जमेल, याचा अंदाज बांधणं हा या कामातला अवघड भाग.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. भरणं खोदण्याच्या मागोमाग येतं, त्यामुळे खोदकाम दाबलं की काही महिन्यांत भरणंही मंदावतं. वर्षानुवर्षं गोळी चालू राहिली तर बारीक तडे दुरुस्त होत नाहीत, आणि क्वचित मांडीचं हाड किरकोळ कारणाने आडवं मोडतं. पाच वर्षं झाली की डॉक्टरबाई मांडीत ठणका आहे का विचारतात, घनता तपासून घेतात, आणि धोका कमी असेल तर गोळी बंद ठेवतात. औषध हाडात मुरलेलं असल्याने परिणाम लगेच ओसरत नाही.

डेनोसुमॅबचं तसं नाही. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅमचं हे इंजेक्शन रँक-एललाच पकडतं, पण हाडात साठत नाही. पुढची तारीख टळून महिना-दोन महिने गेले की दबलेलं खोदकाम एकदम उसळतं आणि एकाहून अधिक मणके दबू शकतात. म्हणून ते लिहिण्याआधी डॉक्टरबाई विचारतात, गावी कधी जाणार? लग्नसराईला भुसावळच्या गाडीने अमळनेरला गेलेली बाई नातवंडांत रमली की लवकर परतत नाही. जिची सून तारीख सांभाळेल असं दिसतं, तिला इंजेक्शन. जिचं येणंजाणं हंगामावर चालतं, तिची किडनी धडधाकट असेल तर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन, तीही निघण्याच्या चार दिवस आधी, कारण त्यानंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, आणि ती गाडीत नको.