गाळलेल्या जागा

इंग्रजीच्या परीक्षेंत ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न सर्वांत सोपा, अशी समजूत आपल्या लोकांत फार दिवसांपासून रूढ आहे. निबंध लिहावयाचा म्हटला कीं विद्यार्थ्याच्या कपाळाला आठ्या पडतात; भाषांतर म्हटलें कीं तो कोशाकडे धांव घेतो; परंतु गाळलेली जागा दिसली म्हणजे त्याचा जीव भांड्यांत पडतो. सारें वाक्य दुसऱ्यानें रचून ठेविलेलें. आपण त्यांत एक शब्द तेवढा टाकावयाचा, आणि तोही खालीं मांडून ठेविलेल्या चार-पांच शब्दांतून उचलावयाचा! स्वयंपाक तयार आहे, मीठ तेवढें घालावयाचें आहे, असाच हा प्रकार वाटतो. पण मिठानें स्वयंपाक कसा बिघडतो हें ज्याला ठाऊक आहे तो या सोपेपणाला सहसा फसत नाहीं.

आमची एक पुतणी सांगलीस असते. बी. कॉम. झाल्यावर ती बँकेंतील कारकुनाच्या परीक्षेच्या तयारीस लागली. २०११ सालापासून बहुतेक सरकारी बँकांची भरती एका सामाईक परीक्षेनें होऊं लागली आहे, आणि केंद्र सरकारनें २०२१ सालीं ठरविल्याप्रमाणें कारकुनाच्या परीक्षेंतील गणित व तर्क यांचे प्रश्न मराठींतूनही सोडवितां येतात. गणितांत मुलगी तल्लख आहे. पण इंग्रजीचा विभाग इंग्रजींतच राहणार. त्यांत ठराविक गुण मिळाल्यावांचून इतर विभागांतले गुण कामास येत नाहींत. आणि चुकीच्या उत्तरामागें पाव गुण कापला जातो. पहिल्या खेपेस ती इंग्रजींत अर्ध्या गुणानें राहिली. खुल्या वर्गास या परीक्षेची वयोमर्यादा २८ वर्षांची आहे, आणि तिच्या वडिलांचें लहानसें दुकान २०१९ च्या महापुरांत गेलें तें अजून पूर्वपदावर आलेलें नाहीं. तेव्हां त्या अर्ध्या गुणाचें मोल आमच्या घरांत सर्वांना चांगलेंच कळलें आहे.

आम्ही साताऱ्यास राहतों. इंग्रजी शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून ‘काका, तुम्ही माझी तयारी करून घ्या’ अशी तिनें गळ घातली. सांगली आणि सातारा हीं आतां दोन जिल्ह्यांचीं ठाणीं. पण १९४९ सालीं सांगलीचा जिल्हा निराळा झाला तेव्हां त्याचें नांव ‘दक्षिण सातारा’ असेंच होतें, आणि १९६० पर्यंत तें चाललें. घराच्या दोन खोल्यांत असावें इतक्या सहजतेनें रोज सायंकाळीं साडेसातला तिचा फोन येतो. ती पांच वाक्यें वाचते, पर्याय सांगते, आणि मग आमचा खल सुरू होतो.

पहिल्याच आठवड्यांत एक वाक्य आलें. पुराचें पाणी तिसऱ्या दिवशीं कोठें अमुक होऊं लागलें, अशा अर्थाचें तें इंग्रजी वाक्य होतें, आणि त्या ‘अमुक’साठीं चार शब्द दिले होते: रिसीड, रिट्रीट, रिट्रॅक्ट आणि रिकॉइल. चारही शब्द तिच्या वहींत होते. शिकवणीवर्गांत रोज पन्नास शब्द पाठ करण्याचा दंडक असल्यामुळें वही जाडजूड झाली होती, आणि त्या चारहींपुढें जवळजवळ एकच अर्थ लिहिलेला होता: मागें जाणें, मागें घेणें, मागें हटणें. आरंभीचा ‘रि’ हा उपसर्ग चौघांचाही समाईक. तेव्हां व्युत्पत्तीनेंही येथें हात टेकावे. तिचें पाठांतर खोटें मुळींच नव्हतें. शब्द ओळखीचे होते. ते राहतात कोठें तेवढें तिला ठाऊक नव्हतें.

आम्हीं विचारलें, “तुमच्या गल्लींतलें पाणी गेलें, तें काय झालें? मराठींत सांग.”

“ओसरलें, काका.”

“आणि हरलेलें सैन्य?”

“सैन्य कसें ओसरेल? सैन्य माघार घेतें.”

“पुढाऱ्याचें विधान?”

“तें मागें घेतात.”

“आणि साप दिसल्यावर माणूस?”

“तो दचकून मागें सरतो.”

एवढें बोलणें झाल्यावर चारही इंग्रजी शब्द आपापल्या घरीं गेले. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें होतें, आणि वरच्या मजल्यावर बसून तें ओसरण्याची वाट जिनें पाहिली त्या मुलीला ‘रिसीड’ हा शब्द नुसत्या यादींतून शिकावा लागावा, याचें आम्हांला नवल वाटलें. तिच्यापाशीं शब्दाचें सारें सामान होतें; त्या सामानाचा इंग्रजीशीं संबंध आहे असें तिला कोणीं सांगितलें नव्हतें.

ही रिकामी जागा आली तरी कोठून? जर्मनींत त्या काळीं मोडणाऱ्या ब्रेस्लाव शहराच्या अधिकाऱ्यांना एकदां असा प्रश्न पडला कीं, सलग चालणाऱ्या शाळेनें मुलें किती थकतात? तो त्यांनीं मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याच्यापुढें ठेविला. त्यानें उताऱ्यांतील शब्द व अक्षरें गाळून मुलांना तीं भरावयास दिलीं आणि १८९७ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. थकवा मोजण्याच्या कामीं ती फारशी उपयोगी पडली नाहीं. हुशार मुलें कोणतीं आणि मागें पडणारीं कोणतीं हें मात्र तिनें चटकन् दाखविलें. थकवा मोजण्यासाठीं निघालेलें साधन पुढें थकवा आणण्याच्या कामीं कसें आलें, हें पाहावयास तो हयात नाहीं हें एका परीनें बरें. पुढें १९५३ सालीं अमेरिकेंत विल्सन टेलर यानें ठराविक अंतरानें शब्द गाळण्याची ‘क्लोझ’ नांवाची पद्धति काढली. आजच्या परीक्षांतील ‘क्लोझ टेस्ट’ तिच्याच नांवावर चालते. परंतु टेलरला वाचकाची परीक्षा घ्यावयाची नव्हती. त्याला लेखाची परीक्षा घ्यावयाची होती. जो उतारा वाचकांना सहज भरतां येतो तो सुबोध, येत नाहीं तो दुर्बोध, असा त्याचा हिशेब होता. परीक्षकांनीं तराजू तोच ठेविला, पारड्यांत मात्र लेखाऐवजीं वाचकाला बसविलें!

याच एबिंगहाउसनें १८८५ सालीं स्मरणशक्तीवर एक ग्रंथ लिहिला होता. त्यासाठीं त्यानें निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ केले आणि ते किती लवकर विसरले जातात हें मोजलें. पहिल्या दिवसांतच बराच मोठा भाग नाहींसा होतो, असें त्याला आढळलें. रोजच्या पन्नास शब्दांची यादी ही आमच्या मतें निरर्थक अक्षरसमूहांचीच सख्खी बहीण आहे. शब्दापुढें अर्थ लिहिल्यानें तो शब्द सार्थ होतो हा भ्रम आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीनें तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजी केलें. वाक्य मराठींतून उचलून सगळेंच्या सगळें इंग्रजींत नेऊन ठेवावयाचें, असा तेथें शिरस्ता होता. इंग्रजी थोडें अवघडलेलें येई, पण येई तें आपलें स्वतःचें असे. मागून रेन आणि मार्टिन यांचें व्याकरण आलें. यांतील रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होते, आणि ‘बो जेस्त’ ही गाजलेली कादंबरी त्यांचीच. पण कादंबरीकाराचा हात लागला म्हणून व्याकरण कांहीं गोड झालें नाहीं. आतांच्या मुलांच्या मेजावर नॉर्मन लुइस यांचें १९४९ सालचें ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ असतें. पुस्तक उत्तम आहे. त्यांतून शब्दाचें कुळ आणि मूळ कळतें. परंतु शब्दाची रोजची ऊठबस कोणाशीं आहे, हें कळावयास वाचनच लागतें.

त्यांत शब्दयोगी अव्ययांचा प्रश्न आला म्हणजे मराठी मनुष्याची खरी पंचाईत होते. ‘तो माझ्यापेक्षां वरिष्ठ आहे’ हें आपल्या कानांत बसलेलें, म्हणून ‘सीनियर’ पुढें ‘दॅन’ येतो. पाहिजे असतो ‘टु’. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन’. पाहिजे असतो ‘विथ’. ‘तिच्याशीं लग्न झालें’ म्हणून ‘मॅरीड विथ’. पाहिजे पुन्हां ‘टु’. ‘त्या विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस’ पुढें ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’, आणि तेथें तर कांहींच नको असतें! या चुकांना आम्ही अज्ञान म्हणत नाहीं. त्यांच्यामागें एक संबंध भाषा उभी आहे. आणि गंमत अशी कीं, ‘डिपेंड’ पुढें ‘ऑन’ हें मराठी मुलास कधींच चुकत नाहीं, कारण आपणही कोणा‘वर’च अवलंबून असतों. जेथें दोन भाषा एकमतानें बोलतात तेथें आपण शिकलों असें वाटतें. जेथें भांडतात तेथें परीक्षक टपून बसलेला असतो.

रविवारीं आम्ही उलटा डाव मांडतों. त्या दिवशीं जागा मराठींत गाळावयाच्या आणि पर्याय द्यावयाचे नाहींत. पोळी लाटतात, पण भाकरी? थापतात. दोर वळतात, माळ ओवतात, वेणी घालतात, गजरा माळतात. हें तिला कोणीं शिकविलें? कोणींही नाहीं. एकदां आम्हीं वाक्य दिलें: ‘शहरांत शिकवणीवर्गांचें ____ फुटलें आहे.’ तिनें तत्काळ ‘पेव’ म्हणून सांगितलें, आणि हंसली. सांगलीजवळ हरिपूरास, कृष्णा-वारणांच्या संगमाच्या गांवीं, हळद सांठविण्यासाठीं जमिनींत खोल पेवें खणलेलीं असत. पुरांनीं त्यांची फार नासाडी केली. तिच्या आजोबांनीं तिला लहानपणीं तीं दाखविलीं होतीं. पुण्यामुंबईच्या मुलाला ‘पेव फुटणें’ हा वाक्प्रचार परीक्षेपुरता पाठ करावा लागेल. हिच्या नाकाशीं त्या शब्दाबरोबर हळदीचा वास येतो.

लंडनच्या मुलाचें इंग्रजी असेंच नाकाकानांतून आंत गेलेलें असतें, आणि आमच्याकडच्याही कांहीं घरांत तें आतां तसें जातें. १९१९ सालीं सांगलीस विलिंग्डन कॉलेज निघालें, आणि त्याच सालीं कराडजवळच्या काले गांवीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. कॉलेजांत पोंचण्याइतकें शिकलेल्या मुलांची सोय एकीकडे, आणि ज्यांच्या घरांत पाटीसुद्धां शिरली नव्हती त्यांची सोय दुसरीकडे. शंभर वर्षांनंतर दोहींकडचीं नातवंडें एकाच संगणकापुढें त्याच रिकाम्या जागेकडे पाहत बसतात. एकाला नुसत्या कानानें उत्तर सांपडतें. दुसऱ्याला तेंच नियमानें, आठवणीनें आणि घड्याळाकडे पाहत शोधावें लागतें. बँकेच्या कारकुनास इंग्रजी नको असें आम्ही म्हणत नाहीं. गिऱ्हाइकांचे कागद त्याच भाषेंत येतात. पण हा प्रश्न ज्ञान किती मोजतो आणि घरचें ऐकणें किती मोजतो, याचा विचार प्रश्न काढणारांनीं करावा असें आम्हांला राहून राहून वाटतें.

तोपर्यंत पुतणीला दुसरी वही करावयास लाविली. तींत सुटा शब्द लिहावयाचा नाहीं. इंग्रजी वर्तमानपत्रांतून जसेंच्या तसें वाक्य उतरावयाचें, त्यांतील एक शब्द स्वतःच गाळावयाचा, तो पानाच्या उलट बाजूस लिहावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं, मग आठवड्यानें तीच जागा भरून पाहावयाची. पहिल्या महिन्यांत दीडशें वाक्यें झालीं. शिकवणीवर्गांतल्या मैत्रिणी हजाराच्या घरांत पोंचल्या होत्या, म्हणून ती थोडी हिरमुसली. मात्र तिसऱ्या महिन्यांत एक चमत्कार दिसूं लागला: पर्याय वाचण्याच्या आधींच ती शब्द सांगे, आणि मग तो खालीं आहे कीं नाहीं हें पाही.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत सुटली नाहीं. बाजारांतील सरावाच्या पुस्तकांत अशा जागा निघतात कीं, तेथें दोन शब्द सारखेच शोभतात आणि पाठीमागच्या उत्तरांत एकालाच मान दिलेला असतो. ‘मग दुसरा चूक कसा?’ असें ती विचारी. चूक नव्हेच. वाक्य घडविणारानें पुरेसा संदर्भ दिला नाहीं, हा दोष त्याचा. पण परीक्षेच्या दालनांत हें कोणाला सांगणार? अशा वेळीं दोन शब्दांत निवड होत नसेल तर जागा तशीच सोडून पुढें जावें, असें आम्हीं तिला सांगितलें. जन्मभर मुलांना जागा भरावयास शिकविल्यावर, कोणती जागा रिकामी ठेवावी हें शिकविण्याची पाळी आमच्यावर आली! तिनें तें ऐकलें. दुसऱ्या खेपेच्या परीक्षेहून परतल्यावर तिनें फोनवर सांगितलें कीं, इंग्रजींत दोन जागा सोडल्या, बाकीच्या भरल्या, आणि एक पुराविषयींचें वाक्यही होतें. पण त्यांत गाळलेला शब्द निराळाच निघाला.

निकाल अजून लागावयाचा आहे. सायंकाळचा फोन मात्र संवयीनें चालूच आहे. परवां तो ठेवतां ठेवतां तिनें विचारलें, “काका, निकाल ‘लागतो’च कां हो? भूक लागते, आग लागते, डोळा लागतो, आणि निकालही लागतोच!” आम्हीं तिला तो रविवारसाठीं टिपून ठेवावयास सांगितलें आहे.