'आ-हा'ची केटी

आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाच्या हवाली!

तर झालं असं... गेल्या वर्षी रिझल्ट लागला आणि माझा एम-थ्री राहिला. शाळेत कायम पहिल्या तिनात असणारी मी, आणि आता चक्क केटी! विंगमध्ये पार्टीचा बेत चालला होता. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि रूमला कडी लावून बसले. घरी फोन करायची हिंमत नव्हती. शेवटी कानात इयरफोन घातले आणि बाबांची आवडती गाणी लावली.

'आ-हा' हा नॉर्वेच्या तीन तरुणांचा बँड. 'हंटिंग हाय अँड लो' हा त्यांचा पहिला अल्बम १९८५ साली आला. आमच्या घरी त्याची कॅसेट आहे. फीत बाहेर आली की बाबा पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचे. त्यातलं 'टेक ऑन मी' तर मला अर्थ कळायच्या आधीच पाठ होतं.

त्या रात्री मोबाइलवर त्याच नावाचं आणखी एक गाणं दिसलं. साल १९८४. वाटलं, दुसऱ्या कोणाचं असेल. पण नाही! तीच माणसं, तीच चाल, वर वर चढत जाणारा मॉर्टन हार्केटचा तोच आवाज. फक्त गाणं काही केल्या उठत नाही.

मग शोधत बसले. ब्रिटनमध्ये हे पहिलं रेकॉर्डिंग सपशेल आपटलं होतं. अ‍ॅलन टार्नी या निर्मात्याबरोबर त्यांनी ते नव्याने केलं. तेही आधी चाललं नाही! मग स्टीव्ह बॅरनने नवा व्हिडिओ केला. खऱ्या चित्रीकरणावरून पेन्सिलने सुमारे ३००० चित्रं काढली गेली, त्याला १६ आठवडे लागले. ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर! म्हणजे तिसऱ्या अटेम्प्टला सुटले की हो!

लोक म्हणतात, व्हिडिओमुळे चाललं. असेल. पण आमच्या कॅसेटला कुठला आलाय व्हिडिओ? मला वाटतं, हा अल्बम वरून चकचकीत आणि आतून घाबरलेला आहे. सिंथेसायझर नाचायला लावतो, आणि गाणाऱ्याला मात्र खात्री नसते की समोरची थांबेल. 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' प्रार्थनेसारखं हळू सुरू होतं आणि अचानक फुटतं. चेहरा हसरा आणि पोटात गोळा, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं समजवायला नको. म्हणूनच हा अल्बम जुना होत नसावा.

पण त्या रात्री डोक्यात राहिलं ते वेगळंच. त्यांनी चाल फेकून दिली नाही. चालीत खोट नव्हतीच, भोवतालचं सगळं बदललं. आणि मी तर इंजिनिअरिंगच सोडायच्या विचारात होते!

साडेअकराला बाबांना फोन केला. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पेपरची झेरॉक्स मागव. कुठली स्टेप चुकली ते बघू."

मागवली. लाप्लासच्या दोन गणितांत मेथड बरोबर, चिन्ह चुकलेलं. आणि फूरिए मी सोडूनच दिलं होतं, कारण वाचलंच नव्हतं. पेपर तपासणाऱ्यांना उगाच शिव्या घातल्या!

पुढच्या महिन्यात पुन्हा पेपर आहे. सुटेल की नाही, देव जाणे. फूरिए मात्र आता रोज एक तास चालू आहे.

आणि रेक्टर मॅडम, रात्री दोन वाजता आमच्या रूममधून किंचाळल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. 'टेक ऑन मी'चा शेवटचा सूर आहे तो. मला लागत नाही. प्रयत्न चालू आहे.

- तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स (लेडीज हॉस्टेल)