बर्फाच्या कडेचे जांभळे चेंडू

मुलांनो, मे महिन्याच्या सुरुवातीला आपण इकडे पंख्याखाली बसूनही घामाघूम होतो. त्याच दिवसांत उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथची वाट चढू लागलात, तर सावलीतल्या घळींत अजून बर्फ दिसतो. देऊळ आहे सुमारे ३,६८० मीटरवर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवले, तरी पुरायचे नाहीत!

मी आणि माझी मुलगी मिठू गेलो होतो. बर्फ नुकताच वितळलेल्या ओल्या गवतात जांभळे चेंडू उभे! दांडा जेमतेम वीतभर, टोकाला चिमुकल्या फुलांचा गोल गेंद. नाव प्रिम्युला डेंटिक्युलाटा. लॅटिनमध्ये प्रिम्युला म्हणजे ‘छोटीशी पहिली’. थंडी सरताच आधी फुलते ना, म्हणून.

“बाबा, एक रोप घरी नेऊ या ना!”

आता काय सांगणार? पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डोंगरावर मी तेच केलं होतं. उपटलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, पुण्याला आणलं. माठाशेजारी सावलीत ठेवलं. दहाव्या दिवशी पानांनी माना टाकल्या. उकरून पाहिलं, तर मुळं कुजलेली. पाणी कमी पडलं नव्हतं हो, रात्रीचा गारवा कमी पडला होता.

हिवाळ्यात याची पानं वाळतात. जमिनीलगत एक जाड कोंब तेवढा उरतो, आणि त्यावर बर्फ. वाटतं, गारठून मरेल बिचारा! पण बर्फ हीच त्याची गोधडी. वरची हवा शून्याच्या कितीतरी खाली गेली, तरी जाड थराखाली तापमान शून्याच्या आसपासच राहतं.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या थंड बागांत लोक हे रोप हौसेनं वाढवतात. बी अगदी बारीक. पुरायचं नाही, मातीवर नुसतं भुरभुरायचं, कारण रुजायला उजेड हवा. माती ओली हवी, पण पाणी तुंबायला नको. मुळांचे तुकडे लावूनही नवं रोप येतं.

मिठू हिरमुसली. मग मी भिंग काढलं. एका रोपाच्या फुलांत तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखी घुंडी दिसते, ती स्त्रीकेसराची. दुसऱ्या रोपाच्या फुलांत तिथे परागकोश, घुंडी खाली लपलेली. प्रिम्युलांच्या या दोन तऱ्हांवर चार्ल्स डार्विनचा निबंध १८६२ साली छापून आला. एका तऱ्हेचे पराग दुसरीवर पडले, तरच बी भरपूर धरतं.

“म्हणजे एकटंच रोप नेलं असतं तर...” असं म्हणत मिठू वाटेतच पालथी पडली. यात्रेकरू वळसा घालून जाऊ लागले. एक गढवाली आजी थांबल्या. “बेटी, कुछ खो गया?”

“पिन ढूँढ रही हूँ, दादीजी!”