टेडीच्या टेकडीवर

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, एखादा अजस्र मासा पाण्यात आडवा पडावा तसे, लाँग आयलंड नावाचे बेट पसरले आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर ऑयस्टर बे हे टुमदार गाव. ऑयस्टर म्हणजे कालव. आमच्या मालवणकडच्या वाचकांच्या तोंडाला नुसत्या नावानेच पाणी सुटेल! आगगाडीची एक शाखा याच गावात येऊन संपते. तेथून दोन-तीन मैलांवर एका टेकडीवर ‘सॅगमोर हिल’ हे घर आहे. अमेरिकेचे 26 वे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे लोकांचे लाडके टेडी, यांचे हे राहते घर. दुसऱ्या महायुद्धातले रूझवेल्ट ते हे नव्हेत. हे त्यांच्या आधीचे, दूरच्या नात्यातले.

माझा पुतण्या या बेटावर गेली अनेक वर्षे राहतो. “काका, गगनचुंबी इमारती तुम्हाला कोणीही दाखवील. मी तुम्हाला आमच्या खेळातल्या नायकाचे घर दाखवतो,” तो म्हणाला. अध्यक्ष आणि खेळातला नायक? हे काय गौडबंगाल आहे, असे मला वाटले; पण गाडीत बसलो.

घर मोठे आहे, पण त्यात डामडौल नाही. 1884-85 मध्ये ते बांधले. पुढे ऐसपैस पडवी, आत काळसर लाकडाचा दिवाणखाना. मात्र आत पाऊल टाकताच भिंतीवरची जनावरे तुमच्याकडे रोखून पाहू लागतात. शिंगे, मुंडकी, कातडी यांची एवढी गर्दी की आमच्या सौभाग्यवतींनी पदर सावरला आणि त्या हळूच म्हणाल्या, “घर झाडणाऱ्या बाईची काय अवस्था होत असेल हो!” 1905 साली बांधलेल्या मोठ्या दालनात अ‍ॅबिसिनियाच्या सम्राटाने भेट दिलेले हत्तीचे सुळे आहेत, आणि एका सांबरासारख्या प्राण्याच्या शिंगांवर टेडीची लढाईतली हॅट अडकवलेली आहे.

हा मनुष्य होताच तसा. लहानपणी दम्याने बेजार, डोळ्यांनी अधू. 14 फेब्रुवारी 1884 या एकाच दिवशी, एकाच घरात, त्याची आई आणि तरुण पत्नी दोघी वारल्या. दुःख विसरायला तो पश्चिमेकडच्या माळरानात गेला आणि गुरे राखू लागला. 1898 मध्ये क्यूबाच्या लढाईत घोडेस्वारांच्या पलटणीचा पुढारी झाला. 1901 साली, वयाच्या 42 व्या वर्षी, अध्यक्ष. 1912 च्या ऑक्टोबरात मिलवॉकी शहरात एकाने त्याच्या छातीत गोळी झाडली. खिशातले भाषणाचे जाडजूड कागद आणि चष्म्याचे घर यांनी गोळीचा जोर मोडला, आणि हा पठ्ठ्या ती गोळी छातीत तशीच ठेवून तासाहून अधिक वेळ बोलला! लांबलचक भाषणे श्रोत्यांना मारतात असे ऐकले होते. वक्त्याला तारतात हे येथे कळले.

आता पुतण्याच्या खेळाकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर साहसकथांची मासिके निघत. या लगद्यावरून त्या साऱ्या वाङ्मयालाच ‘पल्प’ हे नाव पडले. 1930 नंतरच्या दशकात ‘शॅडो’ आणि ‘डॉक सॅव्हेज’ हे त्यांचे नायक मुलांच्या गळ्यातले ताईत होते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने जे वेड लावले, त्याच जातीचे हे वेड. पुढे 1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि टेबलाभोवती बसून गोष्ट खेळण्याची चाल पडली. एकजण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात. “मी दरीवरून उडी मारतो,” असे म्हणावे आणि फासे टाकावेत. दान चांगले पडले तर पार, नाहीतर दरीत! पल्पच्या धर्तीवरचेही असे पुष्कळ खेळ निघाले, आणि त्यांत काल्पनिक वीरांच्या पंक्तीला खरे पुढारी येऊन बसले. तरुण चर्चिल, खलनायक म्हणून हिटलर, आणि टेडी तर हमखास.

रात्री जेवणे आटोपल्यावर पुतण्याच्या टेबलावर निळ्या कापडाची नदी वाहू लागली. काळ 1914, स्थळ ब्राझीलचे अरण्य. हेही कल्पित नव्हे. अध्यक्षपद गेल्यावर टेडी कर्नल रोंदोन या ब्राझिली अधिकाऱ्याबरोबर एका अज्ञात नदीच्या शोधाला खरोखरच गेला होता. पायाला जखम होऊन तापाने फणफणला, तेव्हा “मला येथेच सोडा,” म्हणाला. मुलगा केर्मिटने ऐकले नाही. आज ती नदी रूझवेल्टच्याच नावाने ओळखली जाते.

तेरा वर्षांचा नातू टेडी झाला होता. अंगठ्याएवढ्या धातूच्या बाहुलीला मिशा आणि चष्मा रंगवलेला. समोरच्या कागदावर गुणांचे आकडे: धैर्य 18, वक्तृत्व 16, दृष्टी 5. शेजारची एक मुलगी रोंदोन झाली होती. पहिल्याच धबधब्यापाशी फासे उलटे पडले आणि टेडीसाहेबांचा चष्मा वाहून गेला. दहा मिनिटे अमेरिकेचे माजी अध्यक्ष सुसर आणि ओंडका यांतला फरक शोधत होते. आम्ही पोट धरधरून हसलो.

खेळ थांबल्यावर त्या मुलीने मला विचारले, “आजोबा, खरा टेडी चांगला होता का?”

प्रश्न साधा, पण उत्तर कठीण. अरण्ये राखली, रशिया-जपान युद्ध मिटवून 1906 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवले, हे सांगितले. त्याच 1906 साली ब्राउन्सव्हिलच्या प्रकरणात 167 काळ्या सैनिकांना चौकशीचा न्याय न देता त्याने काढून टाकले, आणि 1972 मध्ये सरकारला तो निर्णय फिरवावा लागला, हेही सांगितले. मग जे मनात खुपत होते ते बोललो. 18 जानेवारी 1909 रोजी वॉशिंग्टनमधल्या भाषणात या वीराने हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याची तोंड भरून स्तुती केली. त्या दिवशी लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

नातू गंभीर झाला. त्याने पेन्सिल उचलली आणि गुणांच्या खाली लिहिले: ‘दोष: दुसऱ्याच्या घरातले दुःख दिसत नाही. चष्म्यानेही.’ मग मान वर करून म्हणाला, “आजोबा, पुढच्या वेळी मी टिळक होऊ? मंडालेहून सुटायचे!”

मला चटकन होकार देववेना. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, माथ्यावर महाराजांना बसवतो. पण महाराज गडावरून घसरतील की नाही हे कोणी फासे टाकून ठरवीत नाही. तेथे आपण मांडणी करतो, पूजा करतो, येथे खेळतात. खेळात पुढारी पडतो, चुकतो, हास्यास्पदही होतो. आपल्या मनाला हे झेपेल का?

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेर टेडीच्या समाधीला गेलो. 6 जानेवारी 1919 रोजी तो याच घरी वारला. 26 वा अध्यक्ष म्हणून समाधीपर्यंत 26 पायऱ्या आहेत. शेजारी पक्ष्यांचे अभयारण्य आहे. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयापुढे 1940 पासून त्याचा अश्वारूढ पुतळा होता. दोन बाजूंना पायी चालणारे आदिवासी आणि आफ्रिकी पुरुष. 2022 च्या जानेवारीत तो तेथून हलवला. पुतळा उभा करता येतो किंवा काढता येतो. त्याच्या कागदावर दोष लिहायला जागा नसते. पोराच्या त्या चिठोऱ्यावर होती.

पायऱ्या उतरताना नातवाला म्हटले, “हो टिळक. पण मंडालेहून पळायचे नाही. सहा वर्षे तेथेच काढायची, आणि पुस्तक लिहायचे. त्याला फासे कसे टाकायचे ते तू शोध.”

तो बराच वेळ गप्प होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, “आजोबा, हे दरीवरून उडी मारण्यापेक्षा अवघड आहे.”