कुंडलिकेस, स्वारगेटहून

स्वारगेट, पुणे

प्रिय कुंडलिके,

ओळख पटावी म्हणून सांगतो. जानेवारीतल्या एका सोमवारी कोलाडजवळ पिवळ्या कयाकमध्ये बसून जे जोडपं बराच वेळ जागच्या जागी गोल फिरत होतं, ते आम्ही. काठावर कपडे धुणाऱ्या दोघीजणी धुणं थांबवून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना विचारलंस तर नक्की आठवेल.

मी जन्मापासून स्वारगेटचा. एसटी स्टँडवरची घोषणा ऐकून आमच्याकडे कुकर लावायची वेळ कळते. पाण्याशी माझा संबंध नळापुरता. तसं आमच्या भागात नौकानयन अगदीच झालं नाही असं नाही. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सारसबाग आहे. तिथं पर्वतीच्या पायथ्याला नानासाहेब पेशव्यांनी तळं करवून घेतलं होतं आणि पेशवे त्यात नावेतून फिरत. मधल्या बेटावर 1784 साली सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. पुढे तळ्याची बाग झाली, भेळ आली, पावभाजी आली, गणपती मात्र अजून 'तळ्यातला'च. संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं 1928 पासून रेगाटा भरवतात, त्यात कयाकही चालवतात. पण ती विशीतली मुलं, आणि ते मुळा-मुठेचं पाणी. खडकवासल्याच्या खाली मुठेला नदी म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. आता मेट्रोही तिच्या पोटाखालून जाते. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटहून निघून जिल्हा न्यायालयाला उतरेपर्यंत मधे एक नदी गेली, हे जाणवतसुद्धा नाही.

हिचं माहेर मात्र रोह्याजवळचं, म्हणजे तुझंच. तरी हिनंही कधी वल्हं हातात धरलं नव्हतं. "पोरं जायची पाण्यात. आम्हाला फक्त हंडा घेऊन जायची परवानगी," असं ती सांगते. म्हणजे नदीकाठी वाढलेली ती आणि स्टँडशेजारी वाढलेला मी, दोघंही सारखेच नवशिके. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात तिनंच फर्मान काढलं: "आता घरात बसून माझ्या फोडणीवर लक्ष ठेवायचं नाही. चला."

पहाटेची ताम्हिणीमार्गे माणगावकडे जाणारी लाल गाडी धरली. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासात घराचा खरा कारभारी कोण हे कंडक्टरच ठरवून टाकतो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड मागे पडलं आणि उजाडता उजाडता मुळशीचं धरण खिडकीशी आलं. धुकं होतं. पाणी इतकं निश्चल, की डोंगर त्यात पालथे घालून ठेवल्यासारखे दिसत होते. सगळी गाडी पेंगत होती. ही खिडकीला नाक लावून बसली होती. "केवढं पाणी हो! जातं कुठं हे?"

कुंडलिके, हे पत्र खरं तर त्या प्रश्नापायी लिहितोय.

ते पाणी मुळा नदीचं. सरळ रस्त्यानं गेलं असतं तर पुण्यात येऊन मुठेला भेटलं असतं, पुढे भीमेत शिरून पंढरपुराला वळसा घातला असता आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात गेलं असतं. पूर्वेचं तिकीट काढलेलं पाणी. टाटांनी ते मुळशीला अडवलं, बोगद्यातून सह्याद्रीच्या कडेला आणलं आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं. 1927 साली ते वीजगृह सुरू झालं. वीज मुंबईला गेली, गिरण्यांना, घरांना. आणि चाकं फिरवून मोकळं झालेलं पाणी तुझ्या पात्रात आलं, ते थेट रेवदंड्याला अरबी समुद्रापर्यंत. पुंडलिकाला मुकलेलं पाणी कुंडलिकेला मिळालं. हा विनोद मी गाडीतच केला होता, हिला आवडला नाही.

म्हणजे पुण्याहून शंभरावर किलोमीटर लांब, घाट उतरून, आम्ही जे पाणी पाहायला आलो ते मुळात पुण्याकडेच निघालेलं होतं. तुझं स्वतःचं पाणी नाही असं मी म्हणत नाही. अंधारबनाच्या कड्यावरून तुझं खोरं ज्यानं पाहिलंय तो तसं म्हणणारही नाही. पण पावसाळा सरल्यावर, भर जानेवारीतही तुझ्यावर राफ्टिंग चालतं ते कशाच्या जोरावर, हे कोलाडचं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी भिऱ्याहून पाणी सुटतं, ते आलं की राफ्ट निघतात. नदीला वेळापत्रक असतं, हे स्वारगेटच्या माणसाला फार पटलं. फक्त तुझं वेळापत्रक एसटीपेक्षा बरं पाळलं जातं. पुण्यात 'पाणी सोडलं' म्हटलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि माणसं छत्र्या घेऊन बघायला जातात. तुझ्याकडे 'पाणी सोडलं' म्हटलं की माणसं हेल्मेट घालतात.

ते पाणी वळवण्याचा हिशेब मात्र मुळशीकरांनी चुकता केला. एप्रिल 1921 मध्ये मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले, 'जान किंवा जमीन' म्हणत. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. 'सेनापती' ही पदवी त्यांना या लढ्यानंच दिली. तुरुंगवास झाले, 1924 पर्यंत लढा विझला, भाताची खाचरं आणि गावं पाण्याखाली गेली. आता पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, तिथं कॉफी मिळते. मुंबईतही सेनापती बापट मार्ग आहे, आणि तो जातो कुठून, तर परळच्या जुन्या गिरण्यांच्या दारावरून. बापटांनी ज्या धरणाला विरोध केला त्याच्या विजेवर जो गिरणगाव चालला, त्याच्याच रस्त्याला त्यांचं नाव. ज्यानं कुणी ते दिलं त्याला यातली गंमत कळली होती का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

असो. माणगावला उतरलो, महामार्गानं कोलाड गाठलं. राफ्टिंगचं आमचं वय नाही. आम्ही डोलवहाळच्या बंधाऱ्यामुळे तुंबलेल्या संथ पाण्यात कयाक शिकायला आलो होतो. शिकवणारा पोरगा विशीतला, जवळच्याच वाडीतला. त्यानं लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना माझ्या पोटाकडे पाहून काही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला. मग म्हणाला, "काकू पुढं, काका मागं. पुढचा लय धरतो, मागचा दिशा. काका, तुम्ही काकूंचं बघून वल्हं मारायचं."

"इतकी वर्षं तेच करतोय," मी म्हणालो. पोरगा हसला नाही. हे वाक्य तो रोज ऐकत असणार.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची नाव. सीलचं कातडं सांगाड्यावर ताणून केलेली, एकट्यानं चालवायची. दोघांना बसवायची कल्पना कुणाची असेल ती असो, पण इंग्रजीत अशा नावेला चेष्टेनं 'घटस्फोटाची होडी' म्हणतात. कारण पहिल्या पाच मिनिटांत कळतं. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. उजवीकडे मारलं की नाव डावीकडे वळते, डावीकडे मारलं की उजवीकडे. हे तोंडानं सांगायला सोपं आहे. मागे बसलेल्या माणसाला पुढच्याची चूक स्वच्छ दिसते. पुढच्याला मागचा दिसतच नाही, फक्त त्याचा आवाज येतो.

"अहो, तुम्ही मारताय की नाही?"

"मारतोय!"

"मग आपण झाडात का चाललोय?"

गेलो झाडात. करंजाची फांदी पाण्यावर झुकलेली होती. हिच्या केसांत पानं, माझ्या चष्म्यावर कोळ्याचं जाळं. वरच्या फांदीवरचा खंड्या आमच्याकडे पाहून, एवढी मोठी माणसं मासे कशी पकडणार अशा चेहऱ्यानं उडून गेला. पोरगा त्याच्या कयाकमधून ओरडला, "काका, वल्हं आवळू नका! सैल धरा!" मी आवळत होतो हे खरं. बुडणाऱ्यानं काडी धरावी तसं धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती.

मग हिनं मागे न वळता एक गोष्ट सांगितली. लहानपणी आजीसमोर बसून ती जात्याचा खुंटा धरायची. एका खुंट्यावर दोघींचे हात. जोर आजीचा, हिचा हात नुसता बरोबर जायचा. आजी म्हणायची, ओढू नकोस, येतोय तो. "तसं करा. माझ्या वल्ह्याबरोबर नुसते या."

मी गेलो. जोर लावायचं सोडून दिलं. आठ-दहा वल्ही झाली असतील, आणि नावेची नाळ एकदम सरळ झाली. पाणी फाटल्याचा बारीक आवाज यायला लागला. तोवर आमच्या भांडणात तो ऐकूच आला नव्हता. काठावरच्या बायका मागे पडल्या, भाताची खाचरं दिसायला लागली. जानेवारीत हिरवीगार, उन्हाळी भाताची लावणी चालू. बंधाऱ्याच्या कालव्यांवर इकडे दुबार पीक निघतं. हिच्या भावांकडेही.

"म्हणजे तुमच्या घरचा तांदूळ पुण्याच्या पाण्यावर पिकतो," मी म्हणालो. इतिहासाचा सूड घेतल्यासारखं वाटलं.

ती वल्हं न थांबवता म्हणाली, "पुण्याचं कसं? आमच्याकडे नांदायला आलंय ना? मग आता इकडचंच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पन्नासच्या आसपास गावं बुडवून आणलेल्या पाण्याला 'नांदायला आलं' म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नांदायला येणारी स्वतःच्या पायांनी येते, निदान तसं म्हणायची रीत आहे. आणि हिरवं भात डोळ्यांसमोर असताना वादही घालवेना. मुळशीच्या ज्या माणसांची खाचरं गेली, त्यांचंही भातच होतं.

पुढे तासभर आम्ही फार बोललो नाही. एका वळणावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता, त्याच्या अगदी जवळून गेलो, तरी तो हलला नाही. नवशिक्यांना एवढी शाबासकी पुष्कळ झाली. काठाला लागताना मी उतरायची घाई केली आणि गुडघाभर पाण्यात बसलो. तेवढं सोडलं तर पडलो नाही.

परतीच्या गाडीत मुळशीपाशी अंधार झाला होता. ही झोपली होती. पाणी दिसत नव्हतं, काचेवर आमच्याच गाडीचा दिवा दिसत होता. हाताला वल्ह्याचे दोन फोड आले होते, ते मी मोजत बसलो. स्वारगेटला उतरलो तेव्हा फलाटावर बार्शीच्या गाडीची घोषणा चालली होती.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
मागे बसणारा

ता. क. काठाला लागताना माझी डावी चप्पल वाहून गेली. निळा पट्टा, तपकिरी तळवा. तुझ्यात कचरा टाकल्याबद्दल ओशाळलो आहे. बंधाऱ्यापाशी अडकली असेल तर त्या पोराला दाखव, तो काढील. उजवी इथं दाराशी आहे. ही टाकू देत नाही.